खैऱ्याने शोधलेली वाट

‘हो’ म्हटल्याबद्दल सगुणाचे दोन्ही बैल जप्त झाले!

बाजारपेठेच्या वळणावर एक आजीबाई अचानक गाडीसमोर आल्या. सगुणाने "हो रे, हो!" म्हणत बैल थांबवले. आजी वाचल्या, सगुणा सापडली. शिपायांनी तिथेच बैल सोडले आणि राजवाड्याच्या गोठ्यात नेऊन बांधले.

मेढेगडात त्या वर्षी शोधांचा सुकाळ झाला होता. सगळे शोध दरबारातल्या विसाजीपंतांनीच लावले होते. दाराला आतून कडी लावली की चोर बाहेर राहतो, हा त्यांचा पहिला शोध. तोंडाशी तळवे धरून ओरडले की दूरच्याला ऐकू जाते, हा दुसरा. आणि कासरा, चाबूक किंवा तोंडाचा आवाज वापरून गाडी ताब्यात ठेवता येते, हा तिसरा. लोक सात पिढ्या हेच करत आले होते म्हणा, पण एकाने तरी ते कागदावर लिहून महाराजांचा शिक्का घेतला होता का? नाही ना? मग शोध पंतांचा!

सनद मिळाली आणि पंतांच्या परवानगीशिवाय कोणी कडी लावेनासे झाले. चोरांनी पंतांना दुवा दिला. नदीपलीकडच्या नवऱ्याला जेवायला बोलवायचे तर बायका होडीतून जाऊ लागल्या. राज्याची भलतीच प्रगती झाली.

सगुणाच्या वडिलांचा हात मोडला होता. कुंभारवाडीची मडकी बाजारात पोचवून तीच घर चालवत होती. खैऱ्या आणि बांड्या ही बैलजोडी गेली, म्हणजे चूलच गेली. वीस दिवस तिने वाड्याच्या पायऱ्या झिजवल्या. एकविसाव्या दिवशी महाराजांनी तिला आत बोलावले.

"पोरी, पंतांची युक्ती चोरलीस?"

"महाराज, माझे आजोबाही ‘हो’च म्हणायचे."

"मग तेही चोर!" पंत म्हणाले. "चोरीचं हे घराणंच दिसतंय."

"पंत जन्मायच्या आधीच आजोबांनी त्यांची चोरी केली म्हणायची! केवढं कसब!"

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र हट्टाला पेटले. शिक्का त्यांचा होता, आणि स्वतःचा शिक्का चुकला असे म्हणणारा राजा अजून जन्मायचा होता.

"फार बोलतेस! उद्या सकाळी वेशीपासून वाड्यापर्यंत गाडी आणून दाखव. कासरा नाही, चाबूक नाही, तोंडातून अवाक्षर नाही! पुढे कोणी चालायचं नाही, मागून कोणी हाकायचं नाही. गाडी वाड्यात येऊन आपोआप थांबली, तर बैल तुझे. नाही तर पंतांचे!"

पंतांनी तिथल्या तिथे बैल कुठे बांधायचे ते ठरवूनही टाकले.

सगुणाने हात जोडले. म्हणाली, "कबूल, महाराज. फक्त सकाळी बैलांना वैरण नको. भरल्या पोटी जनावर सुस्तावतं."

"पोरीला उपाशी बैल हवेत!" पंत हसले. "म्हणजे रस्त्यातच बसतील."

सकाळी वेशीवर अख्खे गाव लोटले. शिपायांनी बैल जुंपले, कासरा काढून घेतला. सगुणा गाडीत चढली, हाताची घडी घातली आणि डोळे मिटून बसली. बैल निघाले!

पुढे तिठा होता. डावी वाट कुंभारवाडीची, उजवी वाड्याची. तिथे बैल थांबले. खैऱ्याने डावीकडे पाहिले. पंतांचा चेहरा उजळला. मग खैऱ्याने नाक वर करून हवा हुंगली, मान उजवीकडे वळवली आणि जोडी अशी काही दुडक्या चालीने धावू लागली की शिपायांची पागोटी सुटली. गाडी थेट वाड्याच्या गोठ्यात शिरली. दोन्ही बैलांनी गव्हाणीत तोंडे घातली आणि गाडी थांबली. आता भूकंप झाला असता तरी ती हलली नसती.

"जादूटोणा!" पंत ओरडले.

"सरकीची पेंड!" सगुणा खाली उतरत म्हणाली. "महाराज, वीस दिवस तुम्ही यांना खाऊ घातलंत. बाजारातून परतताना गाडीवान झोपला तरी बैल घरी पोचतात. ज्या गव्हाणीत पोट भरतं, ते त्यांचं घर. आमच्या गव्हाणीत नुसता कडबा असतो. तुमच्याकडे पेंड. बैल आहेत ते, पण मूर्ख नाहीत."

महाराज मिशीतल्या मिशीत हसले. पंतांनी मात्र झटकन दौत पुढे ओढली. "महाराज, चौथी सनद लिहून टाकतो! वैरणीच्या ओढीने गाडी आणण्याची युक्ती. शोध माझा!"

"द्या की, महाराज!" सगुणा म्हणाली. "पण ही वाट खैऱ्यानं शोधली. पंतांना ती स्वतःची म्हणायची असेल, तर त्यांनी करून दाखवावी. जू खांद्यावर घ्यावं, वेशीपासून मुकाट्यानं गाडी ओढत यावं आणि सगळ्यांदेखत या गव्हाणीत तोंड घालावं. मी गाडीत बसायला तयार आहे!"

महाराज असे हसले की त्यांना गोठ्याच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. "पंत, उचला जू! नाही? मग आणा त्या तिन्ही सनदा!" सनदा आल्या आणि महाराजांनी आपल्याच हाताने त्यांचे तुकडे केले.

"बैल तुझे, पोरी. जा घेऊन."

सगुणाने कासरा पुन्हा लावून ओढला. बैल हलेनात. तिने पाठीवर थाप मारली. बैल पेंड खातच राहिले.

"आता गं?" महाराजांनी डोळे पुसत विचारले. "यांचं घर तर इथं! कुंभारवाडीला कसे न्यायचे?"

"सोपं आहे, महाराज. तुमच्या कोठारातली वर्षाची पेंड माझ्या गाडीत भरा. बैलांना घर बदलायला तेवढीच लागते!"

महाराज पुन्हा खो खो हसले आणि त्यांनी कोठार उघडायला लावले. पोती विसाजीपंतांनी वाहिली.