माळ कोंडाजीची, वाटण गजराबाईचं

एका डोंगराखालच्या गावात कोंडाजी ढोबळे नावाचा बागाईतदार राहायचा. माणूस तसा वाईट नव्हता, पण जिभेचे फार लाड करायचा. आठवड्यातले तीन दिवस त्याच्या घरी मटण शिजायचं आणि उरलेले चार दिवस तो ते कसं झालं होतं हे लोकांना सांगायचा. गजराबाई त्याची बायको. तिच्या हाताला अशी चव होती की शेजारणी वाटी घेऊन रस्सा मागायला यायच्या आणि ती कुणाला नाही म्हणायची नाही.

त्या गावात दरवर्षी देवळापुढं सप्ताह बसायचा. सात दिवस भजन-कीर्तन, शेवटी गावजेवण. सप्ताहाचं प्रमुखपण मात्र माळकऱ्यालाच मिळायचं. गळ्यात तुळशीची माळ घालून ज्यानं मांसमच्छी सोडली, त्यानंच कीर्तनकार बुवांच्या शेजारी बसायचं, असा रिवाज होता. कोंडाजीचा त्या जागेवर बरेच दिवस डोळा होता. एका वर्षी जुना प्रमुख वारला. कोंडाजी भर मांडवात उठला, बुवांपुढं मान वाकवली आणि माळ घालून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजराबाई मागं बायकांत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. एका घरात दोन चुली थोड्याच पेटतात? त्या दिवसापासून तिचंही मटण सुटलं, सुकट सुटली, बोंबील सुटला. पण तिच्या गळ्यात माळ नव्हती, त्यामुळं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवस कोंडाजी डाळ-भाकरी गुणानं जेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं ताट पुढं सरकवलं. या पाण्यात हात बुडवून उठायचं का, म्हणाला. मटण नको, पण मटणासारखं काहीतरी कर.

आता हे "काहीतरी कर" म्हणायला काय जातं! गजराबाई कामाला लागली. बेसन हाटून ओल्या फडक्यावर थापायची, त्यात भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण भरायची आणि माशाच्या आकाराची मासवडी वळायची. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, तेलात परतून रश्श्यात सोडायची. हाताला तेल चोपडून कच्चा फणस चिरायची. सुरणाचे तुकडे तळायची, आणि त्या सुरणानं तिचे हात मनगटापर्यंत खाजायचे. नळी चोखल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, असं कोंडाजी म्हणाला, तर तिनं रश्श्यात शेवग्याच्या शेंगा घातल्या. घरात मिक्सर होता. पण मिक्सरच्या वाटणाला ती चव नाही, असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. मग रोज पाटा. कांदा-खोबरं चुलीवर भाजायचं, धने, खसखस, मिरच्या घ्यायच्या आणि दीड-दोन तास वरवंटा ओढायचा.

कोंडाजी बोटं चाटून जेवायचा. ढेकर देऊन देवळात जायचा आणि लोकांना सांगायचा की, जिभेवर ताबा ठेवला की सगळं जमतं, मी तर एका दिवसात सोडलं. ऐकणारे माना डोलवायचे. काही जण त्याच्या पाया पडायला लागले. काय म्हणावं या लोकांना! या गड्यानं सोडलं होतं ते फक्त बकरं. चव तर त्यानं एक दिवससुद्धा सोडली नव्हती.

पुढं त्याला आणखी सुचलं. ज्यांना मटण सुटत नाही त्यांना तो घरी जेवायला आणू लागला. माळकऱ्याचं जेवण कसं असतं ते बघा, म्हणायचा. कधी सहा पानं, कधी बारा. लोक जेवून तृप्त व्हायचे आणि जाताना "कोंडाजीबुवांचा रस्सा" म्हणून वाखाणायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वर्षभरात गजराबाईचा उजवा खांदा धरला. वेणी घालायलाही शेजारीण लागायची. एकदा तिनं नवऱ्याला दुखरा हात दाखवला. तो म्हणाला, पुण्याचं काम आहे, अर्धं पुण्य तुलाही लागतंयच की. तिनं तेल लावलं आणि पुन्हा पाट्यावर बसली.

दुसऱ्या वर्षी गजराबाईच्या आईनं अंथरूण धरलं. माहेर एसटीनं तासाभराच्या वाटेवर. भाऊ गेनू, त्यानं निरोप धाडला की आई तुझी आठवण काढते, येऊन जा. कोंडाजी म्हणाला, परवा पाहुणे आहेत, ते झाले की जा. पाहुणे झाले. पुन्हा निरोप आला. तेव्हा घरात दोन फणस येऊन पडले होते, ते वाया जातील म्हणून ती राहिली. हे मी सांगतोय तेव्हा माझंच पित्त खवळतंय, पण ती बाई फणस चिरायला बसली. नवऱ्याच्या व्रताला आपल्यामुळं बट्टा लागू नये, एवढंच तिला वाटायचं.

तिसऱ्या खेपेला गेनू स्वतः मोटरसायकल घेऊन आला. दारातच म्हणाला, "दाजी, आई आता घटकेची सोबतीण आहे. आक्काला न्यायला आलोय."

गजराबाईनं सकाळीच अंदाज बांधला होता. दोन दिवस पुरतील एवढ्या मासवड्या तिनं करून ठेवल्या होत्या. वाटणाचा डबा भरला होता. भाकऱ्या शेजारीण देणार होती. तिनं लुगड्याची पिशवी उचलली. कोंडाजीनं डबा उघडला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. आज संध्याकाळी बुवा जेवायला येणार होते. सोबत वरच्या वाडीची आठ माणसं होती. या घरचं जेवण जेवून ती माणसं माळ घालायचं ठरवणार होती. सकाळचं वाटण संध्याकाळी उतरतं, त्या रश्श्यानं कुणाचं मन वळायचं नाही, असं त्याचं म्हणणं. आठ माणसं मांस सोडतायत म्हणजे केवढी गोष्ट. एवढी संध्याकाळ काढ आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं जा.

गजराबाईनं दोन्ही हात जोडले. "आजच्या दिवस पिठलं-भाकरी जेवा. त्यांनाही तीच वाढा. माझी आई चाललीय."

"माळकऱ्याच्या दारी येऊन लोकांनी पिठलं खायचं?" कोंडाजी म्हणाला. "लोक काय म्हणतील मला?"

गेनूनं मोटरसायकल वळवली. बहिणीकडं बघत बघत गाडी चालू करून गेला. गजराबाईनं पिशवी खुंटीला लावली आणि कांदे भाजायला घेतले.

संध्याकाळची पंगत अशी झाली की वाडीची माणसं तीन-तीनदा रस्सा मागत होती. बुवा कौतुक करत होते. त्याच वेळी कोंडाजीच्या खिशातला फोन वाजला. तो अंगणात गेला, दोन शब्द बोलला आणि परत येऊन बसला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आणखी वाढ, म्हणाला. गजराबाईनं वाढलं. आठच्या आठ जणांनी माळ घालायचं कबूल केलं.

सकाळी ती पहिल्या गाडीनं माहेरी गेली. अंगण झाडलेलं होतं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आई आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेली होती आणि लेकीची वाट बघून बघून शेवटी लोकांनी तिला उचललं होतं.

गेनू म्हणाला, "आक्का, मी तेव्हाच दाजींना फोन केला. ती निघालीय म्हणाले. आम्ही किती थांबायचं?"

तेव्हा तिला कळलं. सुतकाची बातमी फुटली असती तर वाढलेली पंगत ताटावरून उठली असती. म्हणून नवऱ्यानं आईचं मरण खिशात ठेवलं आणि तिच्याकडून रस्सा वाढून घेतला. भावजय रडत रडत आणखी एक सांगत होती. आईनं चार दिवसांपूर्वी सुकटीची चटणी करायला लावली होती. गजरीनं दीड वर्षात तोंडात घातली नाही, इथं तरी खाईल, असं म्हणत होती. दीड वर्षात गजराबाईनं काय सोडलं होतं, ते एवढ्या एकाच माणसाच्या ध्यानात होतं आणि ते माणूसही आता नव्हतं. ती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

तेरावं करून ती घरी आली. भांडली नाही. डाळ शिजवली, भाकरी केली, ताटाला चटणी लावली. कोंडाजीला वाटलं, दुःखात आहे, होईल ठीक. दुसऱ्या दिवशी डाळ. तिसऱ्या दिवशीही डाळच. त्यानं विचारलं, वाटण कधी करणार?

"माळ तुम्ही घातलीय," गजराबाई म्हणाली. "आता तुमची तुम्ही पाळा."

त्याला ती आठ दिवससुद्धा पाळता आली नाही. आठव्याच दिवशी तालुक्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यात तो मटणाची नळी चोखताना गावच्या दोघांना दिसला. माळ काढून त्यानं खिशात ठेवली होती.

तुम्हाला वाटेल, आता लोकांनी कोंडाजीला धारेवर धरलं असेल. कसलं काय! देवळात चर्चा बसली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की, एवढ्या मोठ्या माणसाचा नेम बायकोनं मोडला. बुवासुद्धा म्हणाले, घरातून साथ नसेल तर पुरुषानं एकट्यानं काय करावं. वाडीच्या आठ जणांनी घरी जाऊन आपापल्या बायकांना बजावलं की तुम्ही तसं वागू नका. कोंडाजी मान खाली घालून ऐकत होता. त्यानं कुणाला काही खोडून सांगितलं नाही.

शेजारची म्हातारी मात्र गजराबाईकडं येऊन बसली. कळवळून म्हणाली, "असं का केलंस गं? एवढे दिवस केलंस, आणखी थोडं करायचं होतंस."

गजराबाई म्हणाली, "दीड वर्ष केलं, ते कुणाला दिसलं नाही, मावशे. आठ दिवस केलं नाही, ते साऱ्या गावाला दिसलं."

तात्पर्य: जो त्याग दुसऱ्याला राबवून निभावला जातो, तो त्याग नव्हे, ती निव्वळ चैन आहे, पण जग हार घालतं ते सोडणाऱ्याला, आणि बोल लावतं ते राबून थकलेल्याला.