कोरा निष्कर्ष

"पण सर, निष्कर्षात चूक काय आहे ते तरी सांगा!"

इंद्रजित खराडेचा आवाज जरा चढलाच. तीन वर्षं वर्गात पहिला येणारा पोरगा तो. त्याला असं ताटकळत उभं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

मुजावर सर फाईल वाचत होते. वाचत होते कसले, शेवटचं पान उघडून नुसते बसले होते.

द्राक्षांच्या मुलखातलं ते इंजिनिअरिंग कॉलेज. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मुजावर सर गाईड मिळाले की पोरं वरवर मिरवायची आणि आतून टरकायची. सर कधी ओरडत नसत. सही करत नसत, एवढंच.

आणि इंद्रजितला सही आजच हवी होती. संध्याकाळपर्यंत विषय मंजूर झाला नाही, तर डिपार्टमेंटकडचा उरलासुरला विषय गळ्यात पडणार होता. ग्रुपमधले बाकीचे तिघं कॅन्टीनमध्ये निवांत भजी हाणत बसले होते. इंद्रजित गेलाय म्हटल्यावर काम फत्ते!

"वाच," सर म्हणाले.

इंद्रजितने खणखणीत वाचलं, "सौर पेटीत द्राक्षांचे बेदाणे निम्म्या वेळात तयार होतात व त्यांचा रंगही उत्तम राहतो."

"पेटी कुठाय?"

"अजून बनवायचीय सर. आत्ता तर सुरुवात आहे."

"मग हे बेदाणे खाल्ले कुणी?"

इंद्रजित हसला. सर हसले नाहीत.

"आणि हा आलेख? एकूण एक ठिपका रेषेवर! वा! कुणी मोजलं?"

"मोजलं नाही सर... जमवलंय. आधी निष्कर्ष ठरवायचा, मग त्याला धरून रीडिंग जमवायची. प्रॅक्टिकलला सगळेच असं करतात."

"लेका, लग्न जमवतात. आकडा मोजतात."

इंद्रजितची कानशिलं तापली.

"पण सर, पहिल्या वर्षापासून असंच करतोय, म्हणून तर पहिला येतोय ना!"

बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली. सरांनी मात्र ते अगदी मनावर घेतल्यासारखी मान डोलावली.

"बरोबर आहे. मग पेटी बनवूच नकोस. उत्तर तर आलंय. उगाच काच-पत्रा कशाला वाया घालवायचा?"

"असं कसं? पेटी बनवायचीच आहे मला!"

"का?"

...

इंद्रजितने खिडकीकडे बघितलं. बाहेर वर्कशॉपमध्ये कुणीतरी लोखंड घासत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. सरांना काही घाई नव्हती.

"सर... आणि बनवली, न् आतली द्राक्षं सडली तर?"

हे त्याने ग्रुपमधल्या पोरांनाही सांगितलं नव्हतं. एकदा तोंडातून निघाल्यावर मग थांबेना.

"परीक्षकांपुढे काय ठेवू? सडकी द्राक्षं? माझा नंबर जाईल सर. घरी काय तोंड दाखवू? भीती वाटते हो मला. त्यापेक्षा जमवलेलं बरं. निदान ते चुकत तरी नाही."

सरांनी पहिल्यांदाच फाईलमधून मान वर केली. त्याच्याकडे बघितलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही.

मग त्यांनी शेवटचं पान फाईलमधून काढून बाजूला ठेवलं. आलेखही काढला. खणातून एक कोरा कागद घेतला. वर 'निष्कर्ष' असं लिहिलं, तळाशी आपली सही केली आणि तो कागद शेवटच्या पानाच्या जागी लावला. नंतर पहिल्या पानावरही सही ठोकली. विषय मंजूर!

इंद्रजितला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो त्या कागदाकडेच बघत राहिला.

"सर, हा तर कोरा आहे."

"हं."

"मधे काहीच नाही, न् खाली तुमची सही..."

"हं."

फाईल छातीशी धरून तो दारापर्यंत गेला. तिथून परत फिरला.

"सर, तुमची हयात गेली प्रोजेक्ट बघण्यात. तुम्हाला ठाऊक असणारच. वाळतील का सडतील? एवढं एक सांगा, बाकी काही विचारत नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"ठाऊक असतं, तर सही केली नसती."