चाळणीच्या किल्ल्या

“आणि मी नाही म्हणालो तर?”

केळुसकर सरांनी मान वर न करताच विचारलं. वेंगुर्ल्याच्या पुढच्या त्या गावात, घराच्या पडवीत ते कोकमासाठी रतांबे फोडत बसले होते. हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

“तर मी इथून हलणार नाही,” शलाका वऱ्हाडे म्हणाली. पुण्याहून थेट आली होती. पाठीवरची पिशवीही अजून उतरवली नव्हती.

“मग बस तरी.”

ती बसली नाही.

सर एकेकाळी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. त्या दिवसांत त्यांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं चाळणी. मराठीत टाइप केलेल्या नावांतला कचरा ती गाळायची. जादा जागा, चुकून पडलेल्या खुणा, असलं काहीबाही. कुणीही घ्या, वापरा, बदला, असं लिहून सरांनी ती जगाला फुकट देऊन टाकली. लोकांनी घेतली. शाळा, पतपेढ्या, दवाखाने... जिथं म्हणून मराठी नावं होती तिथं ती यंत्राच्या पोटात जाऊन बसली, आणि ती तिथं आहे हेही लोक विसरून गेले.

मूळ प्रत मात्र सरांच्या खात्यावर. तिच्यात बदल करण्याचा हक्क एकट्या त्यांचा. शलाका किल्ल्या मागत होती त्या याच.

आणि सरांनी कैक वर्षांत चाळणीला हात लावला नव्हता.

“माझं आडनाव त्यात घालून बघा,” शलाका म्हणाली. “वऱ्हाडे घातलं की वर्हाडे होऊन बाहेर पडतं. र उडी मारून ह च्या डोक्यावर बसतो. त्या जोडाक्षरात डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते. तुमची चाळणी ती कचरा म्हणून फेकून देते.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

सरांनी आणखी एक रतांबा फोडला. बिया भांड्यात, साल सुपात.

“माझे बाबा अमरावतीला दवाखान्यात होते,” शलाका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट सपाट झाला. “केसपेपरवर वऱ्हाडे. रक्ताच्या रिपोर्टवर वर्हाडे. यंत्राच्या लेखी ही दोन माणसं. रिपोर्ट दुसऱ्याच माणसाच्या नावावर पडून राहिला, आणि डॉक्टर त्याची वाट बघत बसले.”

“वाचले?”

“वाचले. पाय गेला.”

सरांनी पुढचा रतांबा उचलला. पण तो तसाच हातात राहिला...

ते म्हणाले, “मी परवान्यात लिहिलंय. प्रत घ्या, दुरुस्त करा, वाटेल ते नाव द्या. मला विचारायला कशाला आलीस?”

“प्रत कधीच घेतली. दुरुस्तही केली. पण ती घेतंय कोण? यंत्रं तुमचीच मागवतात, त्यांना तेवढंच नाव ठाऊक. माझी डोळस चाळणी घरात पडून आहे आणि तुमची आंधळी गावभर फिरतेय.”

“गर्व आहे तुला.”

“आहे. काम येतं मला.”

सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

“मागं एकजण आला होता,” ते म्हणाले. “फार नम्र. सर, तुम्ही थकलात, हा भार आता माझ्यावर टाका, म्हणाला. कामही चांगलं करून पाठवायचा. किल्ल्या देणारच होतो. मग एक दिवस त्याच्या कामात एक ओळ सापडली. चाळणीतून जाणारं प्रत्येक नाव गुपचूप त्याच्याकडे पोचलं असतं. नावासोबतची नोंदही. वय, आजार, सगळं.”

“म्हणून मीही चोर?”

“नाहीस हे मला कसं कळावं?”

“माझ्यावर विश्वास ठेवूच नका,” शलाका म्हणाली. “वाचा. ओळ न् ओळ वाचा. दोन वर्षं दुरुस्त्या पाठवतेय तुम्हाला.”

“वाचल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मग एकीलाही उत्तर नाही?”

“चुकीच्या असत्या, तर उत्तर देणं सोपं होतं,” सर म्हणाले.

ते उठले. मागच्या दारी जाऊन त्यांनी हात धुतले. रंग गेला नाही. आत कुठंतरी खण उघडल्याचा आवाज झाला, आणि ते कागदाची चिठ्ठी घेऊन बाहेर आले.

“हा माझा पासवर्ड. माझ्या नावानं आत जा, दुरुस्ती कर, बाहेर ये. या नावावर लोकांचा भरवसा आहे. कुणी विचारायचं नाही, कुणी ओरडायचं नाही. बसमध्ये बसल्या बसल्या होऊन जाईल.”

शलाकानं चिठ्ठी घेतली. ओली बोटं लागून कडेला लालसर डाग पडला होता.

खरंच बसमध्ये झालं असतं. कणकवली यायच्या आत. संध्याकाळपर्यंत दवाखान्यादवाखान्यांतून नवी चाळणी गेली असती, आणि कुणाच्या तरी बाबांचा रिपोर्ट वेळेवर मिळाला असता. याच्यासाठीच तर ती दोन वर्षं दात-ओठ खात होती.

तिनं चिठ्ठीचे दोन तुकडे केले. मग चार. ते सरांच्या समोर, सुपाशेजारी ठेवले.

“हे नको.”

“अगं, याच्यासाठीच आलीस ना?”

“तुमच्या नावानं नको. चोरानं हेच केलं असतं.” तिनं लॅपटॉपवर टाइप करावं तशी बोटं हलवून दाखवली. “द्यायचं तर माझ्या नावानं द्या, सगळ्यांना दिसेल असं. उद्या माझ्या दुरुस्तीनं दुसऱ्याच कुणाचं नाव मोडलं, तर त्याला कळायला हवं, कुणाची गचांडी धरायची ते.”

“शिव्या फार येतात. तुला कल्पना नाही. एकदा मी एक टिंब हलवलं होतं... त्यानंतर या प्रोग्रामला हात लावायची छाती झाली नाही माझी.”

“येऊ देत शिव्या.”

“रात्री झोप लागत नाही.”

“बाबांनाही लागत नाही. जो पाय नाही तोच दुखतो त्यांचा.”

सर आत गेले आणि जुना लॅपटॉप घेऊन आले. तो सुरू व्हायला बराच वेळ लागला. परसातल्या माडावर कावळा ओरडत होता.

“नाव?” सरांनी विचारलं.

“शलाका वऱ्हाडे. माझं आडनाव नीट लिहा.”

त्यांनी लाल बोटांनी एकेक अक्षर नीट टाइप केलं. चाळणीच्या मालकांच्या यादीत दोन नावं दिसली. केळुसकर, आणि खाली वऱ्हाडे.

शलाका आता खाली बसली. पाय किती दुखत होते ते बसल्यावरच कळलं.

तिच्या डोळ्यांदेखत सरांनी आणखी एक बटण दाबलं. वरचं नाव गेलं.

“हे काय केलंत?”

“काढलं.”

“पण... मी अडले तर? कुणाला विचारू?”

सरांनी लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला.

“सर, माझं चुकलं तर?”

इतका वेळ तावातावानं बोलणाऱ्या त्या मुलीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. सरांनी सूप पुढं ओढलं. एक रतांबा घेतला, फोडला.

“चुकशील,” ते म्हणाले. “मग कुणीतरी तुझ्याशी भांडायला येईल. त्याची वाट बघ.”