इंजिनचा पिवळा दिवा

“…आणि जिचा एकही दिवा लागत नाही ती गाडी बरी, एवढं तरी खरं ना, उस्ताद?”

दस्तगीर उस्तादांनी हात पुसायचं फडकं उलटं केलं. ती बाजूही काळीच होती. पुन्हा सुलटं केलं.

विचारणारी शिवलीला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घाटात गाडी चालवायला तिला मागच्या वर्षी उस्तादांनीच शिकवलं, म्हणून गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा ती आजऱ्याच्या रस्त्यावरच्या याच गॅरेजात आली. एकटी नव्हती. बाकावर तिचे अप्पा बसले होते, उन्हाकडे पाठ करून.

अप्पांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा घाट उतरायचा, तीनदा चढायचा. त्याआधी गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसते दगडगोटे, तिथं उंच गाडीच लागते. ठरलेल्या जीपवाल्याने जीप विकून टाकली होती. उद्याची खेप शिवलीलाला स्वतःलाच करायची होती.

फणसाच्या सावलीत दोन एसयूव्ही उभ्या होत्या. करडी पंधरा वर्षांची, तीन हातांतून आलेली. पांढरी सहा वर्षांची, एका डॉक्टरांच्या घरची. दोन्ही मालकांनी गाड्या सकाळी उस्तादांकडे सोडल्या होत्या. दुपारी त्यांतली एक परत जायची होती.

“कागदावर काय लिहून आणलंयस?” उस्तादांनी विचारलं.

“बावीस मुद्दे. चौदांत पांढरी पुढे आहे.”

“आणि राहिलेल्या आठांत?”

“ते तितके महत्त्वाचे नाहीत.”

“कुणी ठरवलं?”

“मीच.”

“मग बरोबरच असणार.”

बाकावर अप्पा खुदकन हसले.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी चाकाच्या रिमवर घण घातला. शिवलीला दचकली. इतकी, की कागद हातातून सुटला. उस्तादांनी वाकून तो उचलला, तेव्हा कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उमटला, ऑइलचा, ठसठशीत.

“घे. हा तेविसावा.”

तिने कागद घेतला. आवाज तिने सरळ ठेवला.

“उस्ताद, मला ठाऊक आहे मी घाबरट आहे. म्हणूनच मला अशी गाडी हवी जी मला घाबरवणार नाही. करडी सुरू केली की समोर पिवळा दिवा जळत राहतो. इंजिनचा. घाटात तो डोळ्यांसमोर असला तर माझं रस्त्याकडे लक्षच लागणार नाही. पांढरीत तसलं काही नाही. सगळं शांत.”

“सगळं शांत…”

“हो.”

उस्ताद उठले. करडीचं दार उघडून त्यांनी तिला चालकाच्या जागी बसवलं आणि गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन धडधडलं. काट्यांच्या खाली पिवळा दिवा लागलेलाच राहिला.

त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि तो दिवा अंगठ्याने झाकला.

“आता?”

“आता काय?”

“आता ही बरी झाली का?”

शिवलीला हसली. “असं कसं होईल?”

“का नाही? सगळं शांत आहे की.”

तिचं हसू अर्धवट राहिलं.

उस्तादांनी अंगठा काढला. गाडी बंद करायला लावली. मग फणसाखालून चार पावलं चालत पांढरीकडे गेले आणि तिथं उभे राहिले. ती मागोमाग आली, न सांगताच आत बसली.

“किल्ली फिरव. पण इंजिन सुरू करू नकोस. जे दिसतंय ते वाच.”

समोरची पाटी उजळली.

“ऑइल… बॅटरी… हँडब्रेक… एअरबॅग… सीटबेल्ट…”

“पुढं.”

“एवढेच.”

“इंजिनचा?”

ती पुढे वाकली. तळव्याने ऊन आडवलं. इतर दिव्यांच्या मधे एक जागा होती, नखाएवढी. तिथं काहीच नव्हतं. काळोख होता.

“इंजिन सुरू झाल्यावर लागत असेल,” ती म्हणाली.

“उलटं. सुरू व्हायच्या आधी लागतो. सुरू झालं की विझतो. सगळ्या गाड्यांचं असंच.”

“मग इथं…”

“इथं आतून कुणीतरी काळी पट्टी चिकटवलीय.”

ती किल्लीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. बावीस मुद्दे लिहिताना तिने ही गाडी चारदा सुरू केली होती. चारही वेळा तिने लागलेला दिवा शोधला होता. न लागलेला शोधायचा असतो हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“करडीचा दिवा का लागतो?” तिने विचारलं. आता आवाज वेगळा होता.

“एका वायरीला उंदराचे दात लागलेत. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“आणि हिच्यात काय बिघडलंय?”

“माहीत नाही.”

“तुम्हालाही नाही?”

“मला पट्टी दिसली. पट्टीमागचं, ती ज्यानं लावली त्याला माहीत.”

शिवलीला खाली उतरली. कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये टाकली. पदर सावरावा तशी ओढणी खांद्यावर नीट केली.

“करडी ठेवा, उस्ताद. वायर बदला. ब्रेक तपासा, टायर तपासा. उद्या सकाळी सहाला मी घेऊन जाणार.”

“घाट?”

“उतरणार. चढणार.”

“पिवळा दिवा पुन्हा लागला तर?”

“बाजूला घेईन. तुम्हाला फोन करीन. रडत करीन कदाचित, पण करीन.”

उस्तादांनी मान डोलावली. तिला वाटलं, झालं. ती बाकाकडे निघाली.

“थांब. मागं कोण बसणार?”

“अप्पा. आणखी कोण?”

“वाटेत बोलतात?”

“फारसं नाही. त्यांचा मुळीच त्रास नसतो, उस्ताद. दवाखान्यातले लोक म्हणतात, असा पेशंट बघितला नाही. परत येताना तर घाट लागला की शांत झोपतात. गाव आलं की मीच उठवते.”

“कधी म्हणालेत, बरं वाटत नाही म्हणून?”

“एकदाही नाही.”

हे तिने अभिमानानं सांगितलं.

उस्तादांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं… मग तो फडक्याला पुसू लागले. सावकाश, नखाच्या कडेपर्यंत.

शिवलीला त्या अंगठ्याकडे बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

ती बाकासमोर जाऊन उभी राहिली.

“अप्पा, आत्ता कसं वाटतंय?”

“झकास. गाडी ठरली का?”

“अप्पा… खरं सांगा.”

“खरंच सांगतोय की. या दस्तगीरने काय डोक्यात भरवलं तुझ्या?”

“परत येताना घाटात तुम्हाला काय होतं?”

“झोप येते. म्हातारा माणूस, दुसरं काय होणार?”

ती हलली नाही. अप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. रस्त्याने लाल एसटी गेली. तिचा आवाज वळणापलीकडे विरला.

“तुला सांगून काय करू, लीला?” अप्पा शेवटी म्हणाले. “ताटली पडली तरी तुझ्या काळजाचं पाणी होतं. तुझी आई गेली त्या दिवसापासून बघतोय. वर आणखी माझं कशाला?”

“सांगा.”

“दुसऱ्या वळणापासून डोळ्यांपुढं अंधारी येते. हातापायांना घाम फुटतो.”

“दर खेपेला?”

“दर खेपेला नाही. पण बऱ्याचदा.”

शिवलीलाने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“आणि मग झोप लागते?”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी जमिनीवरच्या फणसाच्या सुक्या पानाकडे पाहिलं.

“परवा जीपमध्ये तू माझ्या अंगावर शाल घातलीस. म्हणालीस, झोपा अप्पा…” ते थांबले. “मी झोपलो नव्हतो, बाळ. मला शुद्धच नव्हती. किती वेळ, तेही ठाऊक नाही.”

तिची पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली. किल्ल्या, पेन, घडी घातलेला कागद, सगळं मातीत पसरलं. ओठ पांढरे पडले. तिने बाकाची कड पकडली.

अप्पा घाबरले. “बघ, म्हणून सांगत नव्हतो. दस्तगीर, हिला आधी पाणी दे. नाही, लीला, तसं काही नाही गं. एकदाच झालं. आता मी अगदी…”

“अप्पा,” ती म्हणाली. “आणखी काय होतं?”

अप्पांनी गोंधळून उस्तादांकडे पाहिलं.

उस्ताद करडीचं बॉनेट उघडत होते. मागे वळून न पाहताच ते म्हणाले,

“सांगा अप्पा, सगळं सांगा. ती दचकली… पण जागची हलली नाही.”