वाकून आलेला किरण

एकदा एक तरुण वैद्य आपल्या वृद्ध आचार्यांच्या दारी परत आला. निरंजन त्याचे नाव. ज्या गावात त्याने वैद्यकी मांडली होती, तिथे जुलाबाची साथ पसरली होती आणि लहान मुले सुकत चालली होती.

“पाणी उकळून प्या, एवढेच सांगतो आहे,” तो म्हणाला. “पण त्यांना हा देवीचा कोप वाटतो. भर चावडीत त्यांचे अज्ञान त्यांच्या पदरात घातले, तर लोक उठून गेले. आता त्या गावात मी पाऊल ठेवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आचार्य त्याला नदीवर घेऊन गेले. पैलतीरापलीकडे दूरवर सपाट माळ होता. थोड्या वेळाने सूर्याचे तांबडे बिंब माळाच्या कडेवर येऊन टेकले. निरंजनने अर्घ्य दिले. आचार्य मात्र भरली ओंजळ तशीच धरून उभे राहिले.

“गुरुजी, सूर्य उगवला.”

“अजून नाही. तो क्षितिजाखालीच आहे.”

“पण समोर दिसतो आहे!”

“दिसतो, कारण त्याचा प्रकाश वाकून आला आहे. वरची हवा विरळ, जमिनीलगतची दाट. विरळातून दाटात शिरताना किरण आपली वाट जराशी वळवतो. सरळच जाईन म्हणून हटून बसला असता, तर आपल्या डोक्यावरून निघून गेला असता. वाकला, म्हणून तो खोटा ठरला का? निरंजना, तुझे म्हणणे खरेच आहे. ते लोकांच्या डोक्यावरून गेले, एवढेच.”

निरंजन त्याच दिवशी गावी परतला आणि थेट सगुणाबाई सुइणीच्या घरी गेला. तिचा नातू अंथरुणावर निपचित पडला होता.

“मावशी, तुम्ही बाळंतिणीला कसले पाणी देता?”

“उकळून गार केलेलं. अंग कच्चं असतं ना तिचं.”

“आणि याचं अंग?”

सगुणाबाईने नातवाकडे पाहिले. ती उठली आणि तिने चुलीवर पातेले चढवले.

निरंजन रोज येऊन औषध देत राहिला. हळूहळू पोराच्या पोटात पाणी टिकू लागले. एके सकाळी त्याने भाताची पेज मागितली, तेव्हा सगुणाबाई पदराने डोळे पुसत शेजारच्या घरी गेली.

“अगं, कच्च्या अंगाला कच्चं पाणी सोसत नाही,” ती तिथल्या सुनेला सांगत होती.

निरंजनने हे वाक्य कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. तो दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. त्याने त्यातला एक शब्दही दुरुस्त केला नाही.