दोन पट्ट्यांचा वेग

"जलद असणाऱ्यानं मंद असणाऱ्यासाठी खाली का यायचं, अप्पा?"

विरूपाक्षानं हे विचारलं तेव्हा अप्पा माझ्याबरोबर कट्ट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी मठाची कोठी सांभाळतो. धान्य, तेल, मीठ आणि आल्यागेल्याचं जेवण माझ्याकडं. मंगळवेढ्याच्या पुढं माळावर आमचा मठ आहे. मठ लहान आहे, पण मठाचे गुरू, आमचे अप्पा, लहान नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

"कुणाबद्दल विचारतोस?" अप्पा म्हणाले.

"रॅमबद्दल."

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"बस. नीट सांग."

हा विरूपाक्ष म्हणजे सोलापूरचा पोरगा, इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून अप्पांकडं शिकायला आला. हुशार म्हणजे काय विचारता! ओवी एकदा कानावर पडली की पाठ. आणि पाठ झाली हे चारचौघांना कळलंही पाहिजे, त्याशिवाय गडी उठायचा नाही.

मठातल्या जुन्या पोथ्या कसर खात होती. त्यांचे फोटो काढून जपायचं ठरलं, तर संगणक हवा. भक्तमंडळी म्हणाली, आम्ही विकत घेऊन देतो. विरूपाक्ष म्हणाला, "तयार नको. मी जुळवतो."

आणि जुळवला की त्यानं! प्रोसेसर मदरबोर्डवर बसतो का, मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये मावतो का, पॉवर सप्लाय सगळ्यांना पुरतो का, एकेक भाग पारखून आणला. त्यावर घातलं लिनक्स, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. म्हणजे कुणीही उघडून बघावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं, असं. त्याच्याशी ज्याचं पटत नाही असा एकही भाग ठेवला नाही. वायफायचं एक कार्ड तर पटेना म्हणून परत पाठवलं. पहिल्यांदा बटण दाबलं आणि यंत्र सुरू झालं, तेव्हा माझीसुद्धा छाती फुगली. आख्ख्या पंचक्रोशीत हातानं जुळवलेला संगणक आहे कुणाकडं? दाखवा!

"रॅम म्हणजे कसं, अप्पा," विरूपाक्ष सांगू लागला, "काम करताना संगणकाला जे जे हाताशी लागतं, ते त्या पट्टीत राहतं. माझी पट्टी एकच होती. पोथीचे फोटो मोठे, ती पुरेना. मग इराप्पानं भावाच्या दुकानातून दुसरी आणली."

"बसली?"

"बसली. चालली पण. पण माझी पट्टी जलद आहे, त्याची मंद आहे. आणि आता दोन्ही मंद पट्टीच्याच वेगानं चालतात! माझी एवढी भारी पट्टी... नुसती वाया."

इराप्पा तिथंच शेंगांची पाटी घेऊन उभा होता. हा दुसरा शिष्य. वय चाळिशीच्या पुढचं, अंगानं दांडगा, बोलायला कमी. ओवी पाठ व्हायला त्याला आठवडा लागतो, आणि झाली की तो अर्थ पुन्हा पहिल्यापासून विचारतो. सकाळच्या पाठाला हे दोघं शेजारी शेजारी बसतात.

इराप्पानं पाटीतल्या शेंगांकडं बघितलं.

"मंद पट्टीला जलद चाल म्हणून सांगता येत नाही?" अप्पांनी विचारलं.

"सेटिंगमध्ये सांगता येतं. पण ती ऐकायची नाही."

"सांगून तर बघ."

आम्ही सगळेच आत गेलो. विरूपाक्षानं सेटिंग बदललं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पंखा फिरला. पडदा काळा तो काळाच.

"बघा! म्हणलं नव्हतं मी?" विरूपाक्ष म्हणाला. यंत्र बंद पडलं आणि ह्याला आनंद, असला प्रकार.

मग त्यानं कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा चपटा सेल काढला, थोडं थांबून परत बसवला. दिलेला हुकूम यंत्र विसरलं. पडद्यावर उजेड आला, आणि दोन्ही पट्ट्या पहिल्यासारख्या सावकाश चालू लागल्या.

"आता मंद पट्टी काढ," अप्पा म्हणाले.

काढली. जलद पट्टी एकटी पळू लागली. विरूपाक्षाचा चेहरा खुलला. त्यानं पोथीचं पान उघडायला घेतलं. अर्धं पान आलं... आणि अडकलं. आम्ही बघत राहिलो. ते पुढं सरकेना.

"एकटीला एवढं पेलत नाही," तो पुटपुटला.

"दोघींना पेलतं?"

"पेलतं."

"पान उघडतं?"

"उघडतं हो, अप्पा! पण..."

"पण काय?"

विरूपाक्षानं मान खाली घातली. मग एकदम वर केली.

"मी रॅमबद्दल विचारत नाही, अप्पा."

"ठाऊक आहे मला."

"तुम्ही एकेक ओवी तीन तीनदा सांगता. ती या इराप्पासाठी. चुलीचा दाखला, गाडग्याचा दाखला, तोही याच्यासाठी. मला पहिल्या वेळीच कळलेलं असतं. मी नोकरी सोडून आलोय, आईला रडवून आलोय. ते याच्या पायाला पाय बांधून चालायला? मला वेगळं बसवा. नाहीतर..." त्याचा आवाज चिरकला, "नाहीतर मी परत जातो."



मग इराप्पाच म्हणाला, "खरं आहे त्याचं, अप्पा. मी पाठाला येत नाही उद्यापासून. गोठा बघतो. तिथंही माणूस लागतंच."

आणि हे बोलताना त्या दांडग्या माणसाचे डोळे भरले हो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मनात म्हटलं, ह्या इंजिनिअरला उद्यापासून अळणी आमटी वाढतो, मग बघू किती वेगानं पळतो ते.

"इराप्पा, बस खाली," अप्पा म्हणाले.

तो बसला.

"विरू, तुला तुझ्या तोलाचा पाठ हवा?"

"हो."

"तीन तीनदा सांगणं नको?"

"नको."

"दाखले नकोत?"

"नकोत."

"मी माझ्या वेगानं सांगू?"

विरूपाक्षाचे डोळे चमकले. "तेच तर मागतोय, अप्पा! कधीपासून मागतोय!"

"मग आत्ताच बस."

तो बसला. ताठ. एकदा इराप्पाकडं बघून घेतलं, मग हात मांडीवर ठेवले.

अप्पांनी डोळे मिटले... आणि कालचा पाठ जिथं संपला होता तिथून सुरू केलं.

एक ओवी म्हटली. तिच्यातून एक प्रश्न काढला. उत्तर दिलं नाही. पोथीच्या पार शेवटाकडची एक ओवी आणून त्या प्रश्नावर ठेवली. मग तिलाही खोडणारी तिसरी. एखादं वाक्य अर्ध्यावरच सोडायचे, कारण उरलेलं अर्धं उघडच होतं. त्यांना.

मी जन्म काढला या मठात. असले अप्पा कधी ऐकले नव्हते. मला एक अक्षर कळलं असेल तर शपथ! पण अंगावर काटा आला, आणि असा अभिमान वाटला की विचारू नका. हे आमचे अप्पा, रोज माझ्या शेजारी बसून शेंगा सोलणारे.

घाई म्हणाल तर बिलकुल नव्हती. आवाज नेहमीसारखाच संथ होता.

विरूपाक्ष पहिल्यांदा मान डोलवत होता. मग मान थांबली. मग ओठ हलायला लागले. एक वाक्य धरून ठेवायला जावं तर पुढची निघून जात होती. त्यानं कपाळ पुसलं. एकदा तर चक्क इराप्पाकडं बघितलं, याला काही कळतंय का म्हणून. इराप्पानं हळूच मान हलवली, नाही म्हणून.

अप्पा चाललेच होते.

"अप्पा..."

अप्पा चाललेच होते.

"अप्पा, अहो... माझं मागंच राहिलंय सगळं... जरा थांबा की माझ्यासाठी!"

अप्पांनी डोळे उघडले. राग नव्हता त्यांत. एवढ्या मायेनं त्यांनी माझ्याकडंसुद्धा कधी बघितलं नाही.

"थांबलोच आहे की रे... तू आलास त्या दिवसापासून."