विमानाच्या नाकातलं शिसं

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विमान बांधायला घेतलं. खरं नव्हे, प्लॅस्टिकचं. पण खऱ्या लढाऊ विमानाच्या बरोब्बर अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, दोनशेवर सुटे भाग असलेलं. हौस म्हणून घेतलं, असं ते शेजाऱ्यांना सांगत. शेजारी मान डोलवत आणि विषय बदलत, कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की त्यांचा एकुलता एक मुलगा असंच विमान उडवायचा, आणि नऊ महिन्यांपूर्वी सरावाच्या उड्डाणात ते समुद्रात कोसळलं. घरी आली ती सीलबंद पेटी. ती उघडू नका, असं सोबतच्या अधिकाऱ्याने हात जोडून सांगितलं होतं.

मुख्याध्यापक रडले नाहीत. तेरावं झाल्यावर त्यांनी मुलाचे फोटो भिंतीवरून उतरवून माळ्यावर टाकले. पत्नीने एकदा जेवताना मुलाचं नाव घेतलं, तर ते भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून त्या घरात ते नाव बंद झालं. ती बिचारी मुकाट दोन पानं वाढायची आणि मुकाट उचलायची. लोक म्हणाले, माणूस मोठ्या धीराचा. लोकांचं काय जातंय म्हणायला?

त्याच शहरात ऐंशी वर्षांचे एक वृद्ध राहत. उभं आयुष्य त्यांनी विमानं रंगवण्यात घालवलं होतं, आणि आता घरी बसून विमानांच्या प्रतिकृती करत. सगळे त्यांना आबा म्हणत. मुख्याध्यापक खोकं घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "मला शिकवा. मात्र तंतोतंत झालं पाहिजे."

आबांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं, मग समोरच्या माणसाकडे पाहिलं. आतला सूचनांचा कागद त्यांनी पुढे सरकवला आणि त्यावर एक डबी ठेवली. डबीत शिशाचे मणी होते, कोळी जाळ्याला लावतात तसले.

"पहिली पायरी वाचा, सर. अंग बंद करण्याआधी हे नाकात भरायचं."

"विमानात ओझं कशाला? ते हलकंच बरं. नंतर बघू."

"नंतर नाक बंद झालेलं असतं," आबा म्हणाले.

पण ज्यांनी पस्तीस वर्षं पोरांना 'सूचना नीट वाचा' म्हणून बजावलं, त्यांनी स्वतःच्या वेळी पहिलीच सूचना ओलांडली. माणूस असाच असतो, त्याला काय करणार!

पाच महिने ते रोज दुपारी आबांकडे गेले. दोन अर्धी अंगं जोडून सांधा पॉलिश पेपरने इतका घासला की बोट फिरवून कळेना. करड्या रंगाचे चार पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळेस्तोवर श्वास रोखल्यासारखे बसून राहिले. पंखावरचा 'इथे पाय ठेवू नये' हा मुंगीएवढा मजकूर पाण्यात सोडवून चिमट्याने चिकटवला. शेपटीवर मुलाच्या विमानाचा क्रमांक घातला, तोही पापणी न लववता. मण्यांची डबी रोज आबा त्यांच्यासमोर ठेवत, आणि रोज ते ती कोपराने बाजूला सारत. हे विमान पुरं झालं की आपल्याला जरा बरं वाटेल, एवढीच त्यांची आशा होती. दुसरी आशा उरली नव्हती.

काम संपलं त्या दिवशी त्यांनी विमान चाकांवर उभं केलं. हात काढताच नाक वर गेलं आणि शेपटी टेबलावर आपटली. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पुढचं चाक अधांतरी हलताना बघून ते खुर्चीत बसले.

"माझ्या हातून हेसुद्धा उभं राहिलं नाही," ते म्हणाले. मग, "शेपटीखाली एक काडी लावू या. कोण वाकून बघणार आहे?"

आबांनी बारीक पात्याची करवत काढली, विमान हातात घेतलं आणि त्या सुंदर करड्या रंगावरून सरळ नाक कापायला सुरुवात केली.

नाक वेगळं झालं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हाला दिसत होतं. पाच महिने दिसत होतं आणि तुम्ही स्वस्थ बसलात."

"डबी रोज तुमच्यापुढे होती, सर. मी रोज टोकलं असतं, तर तुम्ही यायचेच बंद झाला असता." आबांनी कापलेलं नाक टेबलावर ठेवलं. "तुम्ही आत काही न ठेवता सगळं बंद केलंत आणि वरून रंग मात्र सुरेख दिलात. असं विमान काडीच्या आधाराने दिसायला उभं दिसतं, इतकंच. चाकांवर उभं राहायला पुढे जडच लागतं. आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. हे वजन कमी होत नाही. माझी लेक जाऊन एकतीस वर्षं झाली, गुंजभरही उतरलेलं नाही. ते कुठे ठेवायचं, तेवढंच आपल्या हातात असतं."

मुख्याध्यापकांनी डबी ओढून घेतली. एक मणी गोंदात बुडवून नाकात ठेवला. मग दुसरा.

"किती घालायचे?"

"उभं राहीपर्यंत."

नवव्या मण्याला त्यांना पुढचं दिसेना, आणि चौदा महिने आवळून धरलेला माणूस त्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. आबांनी नाक धरून ठेवलं, गोंद पसरू नये म्हणून. सतरा मणी गेले.

"सांधा दिसणार," डोळे पुसत मुख्याध्यापक म्हणाले.

"दिसणारच. तो मी बुजवून देणार नाही."

गोंद वाळायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते विमान घेऊन घरी आले. पत्नी मेथी निवडत बसली होती. त्यांनी ते तिच्यासमोर ठेवलं, आणि ते तीन चाकांवर उभं राहिलं. त्याने काही मुलगा परत येणार नव्हता. घर तितकंच रिकामं होतं, कदाचित त्या दिवशी जरा जास्तच.

तिने पदराला हात पुसून विमान उचललं. नाकामागच्या चिरेवरून तिने बोट फिरवलं.

"जड आहे हो," ती म्हणाली.

"शार्दूलचं आहे," ते म्हणाले.

तिने विमान मांडीवर घेतलं.

"पुन्हा एकदा म्हणा," ती म्हणाली.